कॅटलॉगमध्ये आहे, कपाटात नाही: विद्यापीठ ग्रंथालयाच्या पडद्यामागचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे विद्यापीठ आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या तांत्रिक बाजूबद्दल आहेत. विद्यार्थ्यांनी विचारले आहे, तसे ग्रंथालयात काम करणाऱ्यांनीही. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या विद्यापीठाच्या ओपॅकवर (ग्रंथालयाच्या ऑनलाइन कॅटलॉगवर) मी फोनवरून ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द टाकला तेव्हा चार पुस्तके दिसली. ग्रंथालयातल्या ताईंनी त्यांच्या संगणकावर तोच शब्द टाकला तर अकरा! कॅटलॉग एक, शब्द एक, मग फरक कसला?
— संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

तुमच्या डोळ्यांना शब्द एकच दिसतो, संगणकाला नाही. गोची ‘ऱ्य’मध्ये आहे. हे जोडाक्षर तीन तऱ्हांनी टाइप होऊ शकते. पहिली तऱ्हा : युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक क्रमांकयादीत) ०९३१ क्रमांकावर असलेला स्वतंत्र ‘ऱ’, मग हलन्ताचे चिन्ह, मग ‘य’. दुसरी : साधा ‘र’, त्याखाली नुक्ता, हलन्त, ‘य’. तिसरी : साधा ‘र’, हलन्त, त्यापुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह, मग ‘य’. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखी. कोणता कीबोर्ड कोणती तऱ्हा वापरतो, हे तो बनवणाऱ्यावर अवलंबून.

खात्री करायची तर साध्या नोटपॅडमध्ये ‘दऱ्या’ हा शब्द चिकटवा आणि शेवटून बॅकस्पेस दाबत या. पहिल्या तऱ्हेचा शब्द पाच थापांत पुसला जातो, बाकी दोन्हींना सहा लागतात.

आता उपाय, आणि तो तुमच्या नव्हे, ग्रंथालयाच्या हातातला आहे. युनिकोडचे ‘एनएफसी’ नावाचे सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकरूप करणे) चालू केले की पहिली आणि दुसरी तऱ्हा एक होतात. तिसरी होत नाही. इथे बरेच जण घाईने एक नियम लिहितात : ‘अदृश्य जॉइनर दिसला की काढून टाका.’ तो काढला की उरतो साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’, म्हणजे रफाराचा ‘र्य’. शब्द जुळण्याऐवजी आणखी लांब गेला. कोणी त्यावर कडी करून सगळे ‘ऱ्य’ ‘र्य’मध्ये बदलून टाकतात. मग दर्या शोधणाऱ्याला दऱ्या मिळतात, आणि आचार्यांवरचे पुस्तक मागणाऱ्यापुढे आचाऱ्यांचे येते. नियमांचा योग्य क्रम असा : आधी ‘र + हलन्त + जॉइनर’ या तिकडीचे ‘ऱ + हलन्त’ करा, त्यानंतर उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर (जोडाक्षर तोडणारे तसेच अदृश्य चिन्ह) काढा, आणि शेवटी एनएफसी लावा.

‘कोहा’ ही ग्रंथालय-व्यवस्थापनाची प्रणाली ‘झेब्रा’ या इंडेक्सवर (शोधासाठी बनवलेल्या शब्दसूचीवर) चालत असेल, तर देवनागरीसाठी ती अक्षरांच्या साध्या तक्त्याच्या ‘सीएचआर’ऐवजी युनिकोड जाणणाऱ्या ‘आयसीयू’ पद्धतीवर असली पाहिजे. हे नियम शब्दांसाठीच्या आणि वाक्यखंडांसाठीच्या अशा दोन वेगळ्या आयसीयू फायलींत जातात. एकीत लिहून दुसरी विसरणे ही नेहमीची चूक. तसे झाले की साध्या शोधात पुस्तक सापडते, पण अवतरणचिन्हांत पूर्ण शीर्षक टाकले की नाही. नियम बदलल्यावर पूर्ण इंडेक्स नव्याने बांधावा लागतो, नाहीतर जुन्या नोंदी जुन्याच रूपात राहतात. हे काम रात्री लावा.

त्या फायलींत आणखी एक सापळा असतो. फ्रेंच, जर्मन शब्दांवरच्या खुणा काढण्यासाठी ‘नॉनस्पेसिंग मार्क (स्वतःची वेगळी जागा न घेणारी चिन्हे) काढा’ असा नियम बऱ्याच ठिकाणी इंटरनेटवरून उचलून टाकलेला असतो. युनिकोडच्या लेखी देवनागरीतला उकार, एकार, अनुस्वार आणि हलन्त हेसुद्धा नॉनस्पेसिंग मार्कच. काना, वेलांट्या आणि ओकार मात्र त्यात येत नाहीत, त्यामुळे तेवढे वाचतात. परिणाम काय? सूत, सेतू आणि संत हे तिन्ही इंडेक्समध्ये ‘सत’ होऊन बसतात. संतसाहित्य शोधताना पूलबांधणीची पुस्तके दिसू लागली, की पहिला संशय या नियमावर घ्या.

अनुस्वाराचे दुखणे वेगळे. ‘ग्रंथ’ आणि ‘ग्रन्थ’ एक करायचे तर वर्गातल्या व्यंजनापुढच्या पंचमवर्णाचा अनुस्वार करणारा नियम लिहिता येतो. फक्त ‘जन्म’ आणि ‘अन्न’ त्यात ओढले जाणार नाहीत हे बघा. जुन्या पुस्तकांच्या शीर्षकांत ‘भाषेचें’, ‘करणें’ असे अनुच्चारित अनुस्वार असतात. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी ते गेले. तालिकाकार मुखपृष्ठानंतरच्या शीर्षकपानावर छापले आहे तसेच शीर्षक ‘मार्क’ या संगणकीय नोंद-नमुन्याच्या २४५ क्षेत्रात उतरवतो, आणि ते बरोबरच आहे. ते ‘दुरुस्त’ करू नका. आजचे रूप २४६ या पर्यायी शीर्षकाच्या क्षेत्रात जादा लिहा. दोन्ही सापडतील.

तोवर तुम्ही एवढे करा : ‘शेतक’ लिहून पुढे तारांकन टाका. ‘ऱ्य’ येण्याआधीच शब्द तुटतो आणि सगळी भावंडे एकत्र येतात. शेतकीची पुस्तकेही येतील, ती सोडून द्या.

प्रश्न : ओपॅक ‘उपलब्ध’ म्हणतो, कपाटात पुस्तक नाही. विद्यार्थी आमच्यावर चिडतात. वार्षिक पडताळणीही बारकोड स्कॅनरने केली, तरी यादीत शेकडो पुस्तके ‘सापडली नाहीत’ आणि त्यातली निम्मी डोळ्यांसमोर कपाटात आहेत!
— ग्रंथालय सहायक, सोलापूर

‘उपलब्ध’ याचा अर्थ एवढाच की पुस्तक कोणाच्या नावावर नाही आणि कोणी त्यावर ‘हरवले’, ‘बांधणीला’ असा शेरा मारलेला नाही. कपाट संगणकाने कधी पाहिलेले नसते. म्हणून आधी चार ठिकाणे बघा : परत आलेल्या पुस्तकांची ढकलगाडी, झेरॉक्सच्या यंत्राची जागा, वाचनकक्षातली टेबले आणि वर्गांकाची (विषयावरून ठरणाऱ्या क्रमांकाची) जुळी जागा. मराठी कथा-कादंबरीचा ड्यूई वर्गांक ८९१.४६३, हिंदीचा ८९१.४३३. एका आकड्याचा फरक; घाईत मराठी कादंबरी हिंदीच्या रांगेत जाते आणि वर्षभर तिथेच राहते.

पडताळणीच्या यादीचा घोळ मात्र बहुधा फाइलीत आहे, कपाटात नाही. तीन गोष्टी तपासा.

पहिली, एक्सेल. तुमचा दाखलअंक (ग्रंथाचा दाखलनोंदीतला क्रमांक) ००४५१२ असा शून्यांनी सुरू होत असेल, तर एक्सेल पुढची शून्ये गिळते आणि ४५१२ उरते. बारकोड अकरा आकड्यांहून लांब असेल, तर त्याचे ‘ई प्लस’वाले घातांकी रूप करते आणि जतन केल्यावर मूळ आकडा परत येत नाही. स्कॅन थेट नोटपॅडमध्ये घ्या, एका ओळीत एक बारकोड, आणि साधी टेक्स्ट फाइल म्हणून जतन करा. एक्सेल मध्ये आणूच नका.

दुसरी, कीबोर्ड. स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणूनच दिसतो. खालच्या पट्टीवर मराठी कीबोर्ड निवडलेला असेल, तर बारकोडमधली इंग्रजी अक्षरे देवनागरी होऊन उतरतात, काही कीबोर्डांत आकडेही. मराठी नोंदी टंकून झाल्यावर त्याच संगणकावर पडताळणी सुरू केली की हे हमखास होते.

तिसरी, गाळणी. कोहाच्या पडताळणीत शाखा, जागा आणि वर्गांकाची सुरुवात-शेवट भरायचे असते. तुम्ही एकच दालन स्कॅन केले आणि जागा निवडायची राहिली, तर उरलेले सगळे ग्रंथालय ‘सापडले नाही’ म्हणून यादीत येते. दालनागणिक, शक्यतो कपाटागणिक फाइल करा. क्रम चुकलेली पुस्तके दाखवणारा पर्यायही तिथेच आहे; स्कॅन डावीकडून उजवीकडे, न चुकता केले असेल तरच तो वापरा. आणि लक्षात ठेवा, कोणाच्या नावावर असलेले पुस्तक कपाटात स्कॅन झाले की ते ‘परत आले’ अशी नोंद होते. ते नको असेल तर तशा पर्यायावर आधी खूण करा. देवघेव विभागाला न सांगता हे केले, तर दंडाच्या हिशेबात गोंधळ होतो.

हरवलेल्या पुस्तकांची धास्ती असते म्हणून सांगतो. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७मधला नियम २१५ म्हणतो : वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी, वीस ते पन्नास हजारांपर्यंत तीन वर्षांतून किमान एकदा, त्याहून जास्त असतील तर तीन वर्षांच्या आत नमुना पडताळणी. वर्षभरात देवघेवीत किंवा वाचनात आलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची घट वाजवी धरतात, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हजार रुपयांहून महाग आणि दुर्मिळ ग्रंथांची चौकशी होणारच. राज्य विद्यापीठांत आपापले नियम लागू असतात, पण निर्लेखनाचा (ग्रंथ नोंदीतून कमी करण्याचा) प्रस्ताव लिहिताना हा आधार हाताशी असलेला बरा.

प्रश्न : आरएफआयडी (रेडिओलहरींनी वाचले जाणारे टॅग) बसवल्यापासून दारातले गेट निष्पाप विद्यार्थ्यांवर कोकलते, आणि नोंद न करता नेलेली पुस्तके गुपचूप बाहेर जातात. पैसे पाण्यात गेले का?
— प्राध्यापक, ग्रंथालय समिती सदस्य, नाशिक

नाही, पण ‘बसवले की झाले’ असे सांगून कोणी विकले असेल तर तुमची फसगत झाली.

ग्रंथालयांतले टॅग बहुधा १३.५६ मेगाहर्ट्‌झवर चालतात. टॅगवर दाखलअंक असतो आणि ‘एएफआय’ नावाचा एक वेगळा बाइट असतो. गेट फक्त हा बाइट वाचते : ग्रंथालयात आहे की बाहेर जायला मोकळे. पुस्तक कोणाच्या नावावर आहे हे गेटला बहुतेक वेळा ठाऊकच नसते.

म्हणजे देवघेवीत दोन कामे व्हावी लागतात. स्वयंसेवा यंत्र ‘सिप-२’ या भाषेत सर्व्हरला ११ क्रमांकाचा संदेश पाठवते, सर्व्हर १२ क्रमांकाने हो किंवा नाही म्हणतो. आणि हो आले की यंत्र टॅगवरचा बाइट बदलते. विद्यार्थ्याने मधेच पुस्तक उचलले, तर नोंद झाली पण बाइट बदलला नाही. तोच तुमचा कोकलणारा गेट. परत घेताना उलटे होते : ०९ आणि १० हे संदेश नीट झाले, पण बाइट पुन्हा बंद झाला नाही. ते पुस्तक कपाटात जाते आणि पुढचा कोणीही ते आरामात घेऊन जातो. चार-पाच पुस्तकांची चळत एकदम ठेवण्याची सवय असेल तर हे वाढते. पातळ पुस्तकांत सगळे टॅग एकाच जागी चिकटवले असतील तर ते एकमेकांवर येतात आणि एकमेकांना ‘बहिरे’ करतात. टॅग चिकटवताना पहिल्या पुस्तकात खाली, दुसऱ्यात मध्ये, तिसऱ्यात वर अशी जागा बदलत जा. सोनेरी-चंदेरी धातूच्या वर्खाचे वेष्टन आणि आतली सीडी हेही वाचन अडवतात. अशा पुस्तकाचा टॅग धातूपासून लांबच्या पानाला लावा.

दोन गेटांमध्ये साधारण ९० सेंटीमीटर अंतर असते. दार रुंद दिसावे म्हणून कोणी ते वाढवले असेल, तर मधोमध चालणाऱ्याच्या पिशवीतला आडवा टॅग सुटतो. गेटाला खेटून ठेवलेले लोखंडी कपाट हलवा. आणि रोज सकाळी एक चाचणी पुस्तक उभे, आडवे, सपाट अशा तीन तऱ्हांनी गेटातून न्या, निकाल वहीत लिहा. दोन मिनिटांचे काम आहे, पण ते रोज होणारी ग्रंथालये थोडी.

प्रश्न : घरून शोधनिबंध उघडला की डॉलरमध्ये पैसे मागतात, विद्यापीठात उघडला की फुकट. आणि गेल्या महिन्यात तर विद्यापीठातही बंद झाले. कोणा एकाने खूप डाउनलोड केले म्हणून सगळ्यांना शिक्षा! हा कुठला न्याय?
— पीएच.डी.चा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

न्यायाचा नाही, पत्त्याचा प्रश्न आहे. प्रकाशक तुम्हाला ओळखत नाही, विद्यापीठाचा आयपी पत्ता ओळखतो. आणि आवारातले हजारो संगणक, फोन बाहेरच्या जगाला बऱ्याचदा एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. त्यामुळे कोणी स्वयंचलित साधनाने नियतकालिकाचा अख्खा खंड उतरवायला सुरुवात केली, की प्रकाशक तो पत्ता बंद करतो. त्याच्या बाजूने दुसरे हातात काहीच नसते. ब्राउझरचे एखादे ‘सगळे उतरवा’ एक्स्टेंशन किंवा संदर्भ-व्यवस्थापकाची ‘सर्व पीडीएफ शोधा’ ही सोयसुद्धा यासाठी पुरते. वाईट हेतूच लागतो असे नाही.

घरून यायचे दोन रस्ते. एक प्रॉक्सी : तुम्ही लॉगिन करता, प्रॉक्सी विद्यापीठाचा पत्ता लावून तुमच्यासाठी पान आणते. दुसरा ‘इन्फेड’ : गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे शिबोलेथ या लॉगिन-प्रणालीवर चालणारे संघटन. प्रकाशकाच्या पानावर ‘संस्थेमार्फत लॉगिन’ निवडायचे, तुमच्या विद्यापीठाचे नाव शोधायचे आणि आपल्याच पासवर्डने आत जायचे. १ जानेवारी २०२५पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्राच्या योजनेमुळे नियतकालिकांची यादी मोठी झाली, पण विद्यापीठाचे पत्ते आणि नोंदणी अद्ययावत नसतील तर यादीचा उपयोग शून्य. विद्यापीठाने इंटरनेट पुरवठादार बदलला आणि नवे पत्ते कळवायचे राहिले, ही तर नेहमीची गोष्ट.

ग्रंथालयाच्या तांत्रिक चमूसाठी : ईझीप्रॉक्सी हे प्रॉक्सीचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ‘यूसेज लिमिट’ लावा. ठरावीक वेळेत ठरावीक मेगाबाइटांहून जास्त उतरवणाऱ्या एकाच खात्याला ती थांबवते, प्रकाशकाने सगळ्यांना थांबवण्याआधी. आधी काही आठवडे फक्त नोंद ठेवून आकडा ठरवा, मग अंमल चालू करा. ‘पान उघडते पण पीडीएफ उघडत नाही’ अशी तक्रार आली, तर प्रकाशकाने पीडीएफ वेगळ्या डोमेनवर हलवली आहे आणि तुमच्या कॉन्फिगमध्ये ते डोमेन नाही असे समजा. सुरक्षा प्रमाणपत्र ‘वाइल्डकार्ड’ असावे, नाहीतर प्रत्येक प्रकाशकाच्या पानावर ब्राउझर इशारा देत बसेल.

तक्रार करताना ‘जर्नल चालत नाही’ एवढेच लिहू नका. पूर्ण दुवा, तारीख, मिनिटापर्यंतची वेळ, घरून की आवारातून, आणि पडद्याचे चित्र पाठवा. वेळ असली की लॉगमध्ये तुमची ओळ सापडते.

प्रश्न : मराठीतला माझा प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन संग्रहात) आहे, पण त्यातला एकही शब्द शोधून सापडत नाही. पीडीएफ तर स्वच्छ दिसते.
— अमरावती

पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी आली, तर प्रबंध जुन्या, युनिकोडपूर्व फाँटात टंकलेला आहे. त्या फाँटांत ‘क’चे चित्र इंग्रजी अक्षराच्या घरात बसवलेले असते. चित्र मराठी, आतला मजकूर निरर्थक.

मूळ वर्ड फाइल असेल तर फाँट-परिवर्तक वापरून युनिकोड करा आणि हे हाताने तपासा : ऱ्हस्व वेलांटी (जुन्या फाँटांत ती अक्षराच्या आधी टंकतात, म्हणून भलत्या अक्षराला लागते), रफार, ‘ऱ्ह’, ‘श्र’, ‘ऋ’, आणि कोष्टकांतले आकडे. फक्त छापील प्रत असेल तर ३०० डीपीआयने स्कॅन करून टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरच्या मराठी मॉडेलने ओसीआर (चित्रातल्या अक्षरांचा मजकूर) करा. जागेचा अंदाज घ्या : ए-फोरचे रंगीत पान ३०० डीपीआयला २४८० गुणिले ३५०८ ठिपके, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे न दाबता सुमारे २६ एमबी. तीनशे पानांचे ७.८ जीबी. मूळ प्रती टिफमध्ये वेगळ्या डिस्कवर, वाचकांसाठी दाबलेली पीडीएफ.

पासवर्डने कुलूप लावलेली पीडीएफ देऊ नका. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे यूजीसीच्या २००९च्या नियमांपासून बंधनकारक आहे, पण ती शोधता येईल अशी असावी ही काळजी मार्गदर्शकाने आणि ग्रंथालयाने घ्यायची.

प्रश्न : आमच्या कोहा सर्व्हरचा बॅकअप रोज आपोआप होतो असे पुरवठादार म्हणतो. निर्धास्त राहावे का?
— ग्रंथपाल, सातारा

नाही. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) पॅकेजमधून बसवलेला कोहा रोज एक एसक्यूएल (नोंदींची) आणि एक कॉन्फिग (मांडणीची) अशा दोन दाबलेल्या फायली करतो खरा, पण त्याच सर्व्हरवर, आणि काही बदलले नसेल तर फक्त दोन दिवसांच्या. शुक्रवारी कोणी नोंदी चुकून पुसल्या आणि सोमवारी लक्षात आले, तर चांगली प्रत गेलेली असते. डिस्क गेली तर दोन्ही गेल्या. रोजची प्रत दुसऱ्या इमारतीत आणि आठवड्याची एक आवाराबाहेर जाऊ द्या. निदान तीस दिवसांच्या ठेवा. तीन महिन्यांतून एकदा जुन्या संगणकावर ती परत उभी करून बघा : शीर्षके किती, प्रती किती, आज बाहेर असलेली पुस्तके किती, आणि एखादी मराठी नोंद उघडून अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे तर नाहीत ना.

प्रश्न : बारकोडची लेबले दोन पावसाळ्यांत फिकी पडली. पुन्हा छापायची का?
— रत्नागिरी

आधी लेबलावर नखाने ओरखडा काढा. काळी रेघ उठली तर ते उष्णतेने काळे होणारे, बिलाच्या पावतीसारखे कागदी लेबल आहे. ऊन, उष्णता आणि वर लावलेली चिकटपट्टी या तिन्हींनी ते पुसले जाते. पुन्हा छापताना पॉलिएस्टरचे लेबल आणि रेझिनची रिबन घ्या. वर चकचकीत चिकटपट्टी नको, स्कॅनरचा प्रकाश तिच्यावरून परततो. आणि छापण्याआधी दाखलअंकांची यादी प्रणालीतूनच काढा, फिक्या लेबलावरून वाचून नव्हे. तीन आणि आठमध्ये गल्लत झाली की एकाच अंकाची दोन पुस्तके तयार होतात.